मोजलेले तास आणि न मोजलेले तास

नोकराच्या श्रमाचे मोल कसे ठरवावे हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा वाटतो. परंतु थोडा खोल विचार केला असता तो नीतिशास्त्राचा आहे असे दिसून येते. श्रमाबरोबर मनुष्य आपल्या आयुष्यातील वेळ देत असतो. आणि गेलेला पैसा जसा पुन्हा मिळविता येतो तसा गेलेला वेळ मिळविता येत नाही. ज्याचा वेळ आपण घेतो त्याचा हिशेब आपण ठेवावा की नाही, आणि ठेवावयाचा नसेल तर तो कोणत्या आधारावर ठेवू नये, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे. प्रश्न लहान दिसतो. पण ज्या घरांत महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार येतो आणि रात्री नऊ वाजले तरी मिळवता माणूस येत नाही, त्या घरांत तो लहान नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा कायद्याने फार बारकाईने खल झालेला आहे. म्हणून प्रथम तिकडे वळू. ता. २५ जून १९३८ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 'फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट' या कायद्यावर सही केली. या कायद्याने किमान मजुरी तासास पंचवीस सेंट ठरली. आठवड्याच्या कामाचे तास आरंभी ४४ व पुढे दोन वर्षांत ४० ठरले. आणि त्याहून अधिक काम घेतल्यास प्रत्येक जादा तासाचा मोबदला दीडपटीने द्यावा असे बंधन मालकावर पडले. या दीडपटीचे हेतू दोन होते. एक, मजुराच्या विश्रांतीवर आक्रमण करणे मालकास महाग पडावे. आणि दुसरा, मंदीच्या त्या दिवसांत एकाच माणसाकडून साठ तास काम करवून घेण्यापेक्षा दुसरा माणूस कामावर घेणे मालकास परवडावे. म्हणजे ही दीडपट हे मजुरास दिलेले बक्षीस नव्हते. मालकाच्या हावेस घातलेला तो लगाम होता.

परंतु हा लगाम सर्वत्र घातला गेला नाही. खरोखर कारभार पाहणारे अधिकारी, प्रशासनाचे काम करणारे, विद्वत्तेच्या व्यवसायांतील लोक आणि बाहेर फिरून माल विकणारे विक्रेते यांस या नियमातून वगळण्यात आले. त्या देशाच्या बोलीत अशा नोकरास 'एक्झेम्प्ट' म्हणजे सुटलेला असे म्हणतात. या शब्दापाशी आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. सुटला तो कोण? नोकर सुटला म्हणावे, तर त्याच्या कामाचे तास वाढण्यास आता काहीच आडकाठी उरली नाही. सुटला तो मालक! जादा मोबदल्याच्या बंधनातून मालक मोकळा झाला आणि 'मुक्त' हे नाव मात्र नोकरास मिळाले. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही आपल्याकडची म्हण अशाच प्रसंगासाठी जन्मास आली असावी.

तथापि केवळ शब्दच्छल करून या भेदाची वासलात लावणे न्याय्य होणार नाही. हा भेद करणारांनी त्याची जी कारणे दिली आहेत ती विचारार्ह आहेत. पहिले कारण असे की, काही कामे स्वभावतःच तासांनी मोजता येत नाहीत. वैद्य रोग्याचा विचार घरी जेवतानाही करीत असतो. व्यवस्थापकाचा एक शहाणपणाचा निर्णय पाच मिनिटांत होतो आणि वर्षभर फळ देतो. दुसरे कारण असे की, असे काम दोघांत वाटून देता येत नाही. तेव्हा जादा मोबदल्याचा दंड घालून नवा माणूस नेमला जाण्याची जी आशा मजुरांच्या बाबतीत आहे ती येथे नाही. तिसरे कारण, अशा माणसास पगार चांगला असतो, त्याच्या शब्दास वजन असते आणि आपल्या वेळेचा तो बऱ्याच अंशी स्वतःच धनी असतो. सबब त्याला कायद्याच्या कुबडीची गरज नाही.

या तिन्ही कारणांत तथ्य आहे हे आम्ही मान्य करतो. पण ही कारणे खरी असतील तेवढ्यापुरताच तो भेद खरा, हेही त्याबरोबरच मान्य केले पाहिजे. तेथील नियमकर्त्यांनीही हे ओळखले होते. म्हणून त्यांनी तीन कसोट्या घातल्या. नोकराचे मुख्य काम खरोखरच त्या दर्जाचे असावे. त्याचा पगार ठराविक मर्यादेहून कमी नसावा. आणि तो पगार बांधलेला असावा, म्हणजे आठवड्यात थोडे जरी काम केले तरी, ठरवून दिलेले अपवाद सोडता, त्या आठवड्याचा पगार पुरा मिळावा. केवळ हुद्द्याच्या नावावरून कोणी 'मुक्त' ठरत नाही, असेही नियमात स्पष्ट म्हटले आहे.

आता या कसोट्यांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९३८ साली पगाराची मर्यादा आठवड्यास तीस डॉलर होती. त्या वेळी किमान मजुरीने ४४ तास राबणाऱ्या मजुरास अकरा डॉलर मिळत. म्हणजे 'मुक्त' म्हणविणाऱ्यास त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट तरी पगार असे. पुढे मर्यादा अधूनमधून वाढत गेली. १९७५ साली ती कारभारी वर्गासाठी कामाच्या कडक कसोटीबरोबर १५५ डॉलर आणि सैल कसोटीबरोबर २५० डॉलर अशी ठरली. आणि मग ती एकोणतीस वर्षे, २००४ सालापर्यंत, जागची हलली नाही. दरम्यान महागाई थांबली नव्हती. १९९७ पासून किमान मजुरी तासास सव्वापाच डॉलरांच्या आसपास, नेमके सांगावयाचे तर ५.१५ डॉलर होती. म्हणजे चाळीस तास झाडलोट करणाऱ्यास २०६ डॉलर मिळावयाचे. याचा अर्थ असा की, ज्याला कायदा भरपूर पगाराचा व स्वतःच्या वेळेचा धनी असा समजत होता, त्याच्या पगाराची खालची मर्यादा झाडूवाल्याच्या मजुरीच्याही खाली गेली! कायद्याचे एक अक्षरही न बदलता कायद्याचा अर्थ उलटा झाला. अन्याय करण्यासाठी नेहमी काही तरी करावेच लागते असे नाही. कित्येकदा काही न करणे पुरेसे होते.

२००४ साली मर्यादा ४५५ डॉलर झाली. २०१६ साली ती ९१३ डॉलर करण्याचा नियम निघाला, पण अमलात येण्याच्या काही दिवस आधी टेक्सासमधील एका संघीय न्यायालयाने तो रोखला. २०२० च्या आरंभापासून ६८४ डॉलर अमलात आले. २०२४ साली पुन्हा ती वाढवून आधी ८४४ आणि मग १,१२८ डॉलर करण्याचे ठरले. त्यापैकी पहिला टप्पा जुलैत लागू झाला, पण नोव्हेंबरात त्याच प्रांतातील न्यायालयाने सगळा नियमच रद्द केला व ६८४ डॉलर पुन्हा लागू झाले. कायदे करणारे शब्द देतात आणि न्यायाधीश ते वाचतात. पण या ओढाताणीत ज्या उपव्यवस्थापकाच्या संध्याकाळी गेल्या, त्या त्याला कोणीही परत दिल्या नाहीत.

कामाच्या कसोटीचीही अशीच गत झाली. एका प्रसिद्ध उपाहारगृहाच्या मंडळीतील दुय्यम व्यवस्थापकांचा प्रश्न १९८२ साली तेथील वरिष्ठ न्यायालयांपुढे आला होता. हे लोक गिऱ्हाइकांस पदार्थ देत, भट्टीपाशी उभे राहत, मजुरांचेच काम पुष्कळ वेळ करीत. तथापि न्यायालयांनी असे ठरविले की, पदार्थ तळीत असतानाही मनुष्य दुकानाचा कारभार पाहत असू शकतो. सबब ज्यांचा पगार वरच्या मर्यादेचा आहे ते 'कारभारी'च होत. युक्तिवाद म्हणून यात चूक दाखविणे सोपे नाही. घरची गृहिणी पोळ्या लाटता लाटता सगळ्या घराचा कारभार पाहतेच की! पण तिच्या बाबतीत जे होते तेच येथेही झाले: कारभाराचा मान तिच्या नावावर आणि पोळ्यांचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

याउलट २०२३ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. समुद्रातील तेलविहिरीवर काम पाहणारा एक अधिकारी. त्याच्या हाताखाली बारा-चौदा माणसे. मिळकत वर्षास दोन लाख डॉलरांहून अधिक. काम दिवसास बारा तास, म्हणजे पुष्कळदा आठवड्यास ८४ तास. त्याने जादा वेळेचा मोबदला मागितला. सामान्य माणूस म्हणेल, याला कशाची ददात? परंतु न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. कारण एवढेच की त्याला रोजावर पैसे मिळत होते. जितके दिवस हजेरी तितके रोज, हा पगार नव्हे. आणि जेथे बांधलेला पगार नाही तेथे सूटही नाही.

प्रथमदर्शनी हा निकाल शब्दाला चिकटून बसणारा वाटतो. आम्हांसही तसाच वाटला. पण विचार करू लागलो तेव्हा या कसोटीत साऱ्या प्रश्नाची नैतिक किल्ली आहे असे आमच्या ध्यानात आले. मालकाने नोकरास असे म्हणण्यास हरकत नाही की, 'तुझे-माझे नाते विश्वासाचे आहे. तू किती तास दिलेस हे मी विचारणार नाही, आणि मी किती घेतले हे तूही विचारू नकोस.' हा करार उदार आहे. तो दोन भल्या माणसांत शोभतो. पण मग नोकराचा मुलगा आजारी पडला आणि तो दोन तास उशिरा आला, तर ते दोन तासही मोजता कामा नयेत. जो कामाचे तास मोजीत नाही त्याने गैरहजेरीचे तासही मोजू नयेत. मोजावयाचे असेल तर दोन्हीकडे मोजा. सोडावयाचे असेल तर दोन्हीकडे सोडा. घेताना एक पायली आणि देताना दुसरी, याला आपल्या बाजारात फार जुने नाव आहे: मापात पाप.

ही समतेची अट बाजूस सारली की वगळण्याचे प्रकार कसे वाढत जातात, याचे उदाहरणही त्याच कायद्यात आहे. १९३८ साली शेतमजूर आणि घरकाम करणारे नोकर यांसही त्यातून वगळले होते. दक्षिणेकडील संस्थानांत ही कामे बहुतांशी कृष्णवर्णीय लोकांकडे होती, आणि तेथील प्रतिनिधींची मते मिळविण्यासाठी ही किंमत दिली गेली असे इतिहासकार सांगतात. घरकाम करणारांस संरक्षण मिळण्यास १९७४ साल उजाडले. शेतमजुरांस संघीय कायद्याने जादा वेळेची दीडपट अजूनही दिलेली नाही. म्हणजे एकास मान देऊन वगळले आणि दुसऱ्यास तुच्छ लेखून वगळले. दोघांच्या पायऱ्या भिन्न, पण तास दोघांचेही मोजावयाचे राहिले ते राहिलेच.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि १८९० साली ती मागणी मान्य झाली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना ज्या सुधारणांचा पाया घातला गेला, त्यांतच कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा १९४६ चा कायदा येतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसास नऊ किंवा आठवड्यास ४८ तासांपलीकडच्या कामास दुप्पट मजुरी ठरविली. दीडपट नव्हे, दुप्पट. पण त्याच कायद्याने देखरेखीची व विश्वासाची कामे करणारांस वगळण्याची मुभाही राज्य सरकारांस दिली. औद्योगिक तंट्यांच्या १९४७ च्या कायद्यात 'कामगार' कोण याची व्याख्या होती. देखरेख करणाऱ्यास तिच्यातून वगळण्याची पगाराची मर्यादा १९५६ च्या दुरुस्तीने महिना ५०० रुपये ठरली, १९८४ पासून ती १,६०० झाली आणि २०१० साली १०,००० झाली. १,६०० रुपयांच्या धन्यास सव्वीस वर्षे कायद्याने 'मोठा माणूस' मानले! २०२० च्या नव्या संहितेने ही मर्यादा १८,००० केली. समुद्र ओलांडला तरी गोष्ट तीच.

आणि शिक्षकांचे काय? अमेरिकेच्या नियमांत शिक्षकास पगाराची मर्यादासुद्धा लागू नाही. त्याचा पगार कितीही अल्प असो, तो 'मुक्त'च. आपल्याकडे गोव्यातील एका शिक्षिकेच्या दाव्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे. विद्यादान हे एक थोर व्रत आहे, ते अंगमेहनतीच्या किंवा कारकुनीच्या कामात बसत नाही. हे वाचताना कोणत्याही शिक्षकाची मान ताठ व्हावी. आमचीही झाली होती. ती खाली कशी आली, तेवढे सांगून हा लेख पुरा करू.

आमच्या महाविद्यालयात, इतर अनेक ठिकाणी असते तशी, काही अध्यापक मंडळी तासिका तत्त्वावर नेमलेली असतात. जितके तास वर्गात शिकविले तितक्यांचे पैसे. सुटीचे नाहीत, पूर्वतयारीचे नाहीत. अशा एका तरुण अध्यापकास, विभागप्रमुख या नात्याने, आम्ही एका वर्षी मूल्यांकन समितीपुढे ठेवावयाचे कागद तयार करण्यास बसविले. तो दुसऱ्या तालुक्याहून एस. टी. ने येई. सुमारे तीन आठवडे तो रोज दिवे लागेपर्यंत बसला. कागद उत्तम झाले. समितीच्या सदस्यांनी आमची प्रशंसा केली. महिनाअखेर त्याचे बिल आमच्या सहीस आले, त्यात फक्त बावीस तासिका होत्या. आम्ही सही केली. सही करता करता, आपण काही चांगले बोलावे म्हणून, आम्ही त्यास म्हणालो, "आपला पेशा तास मोजण्याचा नव्हे, हे तुम्ही ओळखलेत याचे समाधान वाटते."

तो नम्र मुलगा आहे. थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तास मी मोजत नाही. तास कॉलेज मोजते."

या उत्तरास आमच्यापाशी प्रत्युत्तर नव्हते, आजही नाही. ज्या कामास आम्ही अमाप म्हणून गौरवीत होतो, तेच काम त्याच्या बाबतीत आम्ही घड्याळाने मोजीत होतो. आणि जेथे मोजल्याने त्याच्या पदरात चार पैसे पडले असते तेथे मात्र व्रताची आठवण करून देत होतो. आमचा पगार बांधलेला. दिवाळीच्या सुटीत आम्ही गावी गेलो तरी तो येतो. ग्रंथालयात बसून वाचन केले तरी तो येतो. न मोजण्याचा करार आमच्याशी झाला होता, त्याच्याशी झालेला नव्हता. आणि आमच्याशी झालेल्या कराराचे नीतितत्त्व आम्ही त्याला शिकवीत होतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, सर्वांनीच तास मोजावयास आरंभ केला तर कर्तव्यबुद्धी लोपेल, मास्तर घंटा होताच वाक्य अर्धे टाकून उठेल, डॉक्टर घड्याळ पाहून नाडी सोडील. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. मनापासून केलेल्या कामात मोजणीपलीकडचे काही असते आणि ते नाहीसे झाले तर जग दरिद्री होईल. पण हा मोजणीपलीकडचा भाग जो देतो त्याचे ते दान आहे; आणि दान देणाऱ्याच्या इच्छेनेच दान ठरते. दुसऱ्याने ते गृहीत धरून उचलले की ती वेठ होते, मग तिला सेवा म्हणा, व्रत म्हणा की व्यवस्थापकपद म्हणा. निष्काम कर्माचा उपदेश स्वतःला करणारा साधू. फळ स्वतः घेऊन तो दुसऱ्यास करणारा केवळ हुशार. मनुष्यास दान देता यावे म्हणूनच आधी त्याचे देणे चुकते केलेले असले पाहिजे. ज्याचे तास मोजून पुरे दाम दिले, तोच घंटा झाल्यावर पाच मिनिटे अधिक थांबला तर ती पाच मिनिटे त्याची स्वतःची, आणि म्हणून मोलाची.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. जादा वेळेचे पैसे सर्वांस द्यावयाचे तर मालक मूळ पगारच कमी करतील, आणि बेरीज तेवढीच राहील. काही ठिकाणी असे होईलही. परंतु तेव्हा निदान खरी किंमत दोघांसमोर उघड लिहिली जाईल. तासास काय पडते हे नोकरास कळेल आणि दुसरीकडे काय मिळते याच्याशी त्याला ती ताडून पाहता येईल. लपलेल्या अन्यायापेक्षा लिहिलेला तोटा बरा. कारण लिहिलेल्या गोष्टीविषयी वाद तरी घालता येतो.

सारांश, कामाकामांत भेद करू नये असे आमचे म्हणणे नाही. काही कामे तासांत मावत नाहीत, हे आम्ही तीस वर्षे शिकवून जाणतो. आमचे म्हणणे एवढेच की, 'तुझे काम मोजता येत नाही' असे ज्यास म्हणावयाचे त्यास, ते म्हणण्याआधी, न मोजलेल्या कामावर जगता येईल एवढा आणि न कापला जाणारा पगार दिला पाहिजे. तो देण्याची ताकद किंवा इच्छा नसेल, तर निमूटपणे वही उघडावी आणि तास लिहावेत. मान हा पगाराच्या वर द्यावयाचा असतो, पगाराच्या जागी नव्हे.

तासिकांचा नियम आम्हांस बदलता आला नाही. तो आमच्या हातचा नव्हता. जे हातचे होते ते केले. पुढील वर्षी समितीचे कागद आम्ही स्वतः बसून तयार केले. ते त्याच्याइतके नीटस झाले नाहीत, आणि त्यांस किती तास लागले ते आम्ही मोजले: एकोणसाठ. तेव्हा प्रथमच आम्हांस कळले की मागल्या वर्षी आपण कोणाचे किती घेतले होते.